प्रसंग उसवून पाहण्याची कृती

चित्रपट रसग्रहणाच्या वर्गांत एक तक्ता हमखास हातोहात फिरतो. लाल म्हणजे धोका किंवा प्रेम, निळा म्हणजे उदासी, पिवळा म्हणजे उत्साह. कॅमेरा खालून लावला की माणूस बलवान, वरून लावला की दुबळा. हा तक्ता आधी बाजूला ठेवा. त्याची अडचण एवढीच की तो कुठेही लागू पडतो. लाल म्हणजे धोकाही आणि प्रेमही असेल, तर पडद्यावर लाल दिसल्याने आपल्याला काय कळलं?

इथे दिलेली रीत फरकावर उभी आहे. या चित्रपटात आतापर्यंत काय होतं आणि या प्रसंगात काय बदललं, एवढंच शोधायचं. रंग, कॅमेरा आणि आवाज एकमेकांत इतके घट्ट शिवलेले असतात की एका बैठकीत ते सुटे दिसत नाहीत. म्हणून शिवण उसवायची, एकेक धागा वेगळा पाहायचा आणि मग पुन्हा जोडायचं.

साहित्य फार लागत नाही. लॅपटॉप किंवा टीव्ही, बरे हेडफोन, कोरे कागद, पेन्सिल. फोनवर हे करू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. काम सुरू करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘व्हिव्हिड’ बंद करा, कारण त्यात सगळेच रंग भडक होतात. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा. तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो आणि कॅमेऱ्याबद्दलची तुमची निम्मी निरीक्षणं टीव्ही बनवणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. चित्र झूम करून पडदाभर केलेलं नाही ना, हेही बघून घ्या. ते झूम केलेलं असेल, तर दिग्दर्शकाने चौकटीच्या कडेला ठेवलेला माणूस तुम्हाला दिसणारच नाही.

प्रसंग निवडताना तीन ते पाच मिनिटांचा घ्या, आणि पूर्ण पाहिलेल्या चित्रपटातलाच घ्या. इंटरनेटवरच्या सुट्या तुकड्यावर ही कृती चालत नाही, कारण फरक मोजायला ‘आधीचं’ हाताशी हवं. नमुन्यासाठी आपण नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट घेऊ. तो महाराष्ट्रात जवळजवळ सर्वांच्या स्मरणात आहे आणि त्यात तिन्ही धागे स्वच्छ दिसतात. ज्यांनी अजून पाहिला नसेल, त्यांनी इथे थांबून आधी चित्रपट पाहावा. शेवट आधी कळला तर त्याची मजा जाते, आणि या शेवटाच्या बाबतीत तर मजा हा शब्दही चालत नाही.

प्रसंगाच्या हद्दी ठरवा. आपला प्रसंग नायिका आर्चीच्या माहेरची माणसं हैदराबादच्या घरी येतात तिथे सुरू होतो आणि तिचं मूल घराबाहेर पडतं तिथे संपतो. सुरुवातीची आणि शेवटची वेळ कागदावर लिहून ठेवा. मग एकदा सलग पाहा, काहीही न लिहिता. जे वाटलं ते शेवटी एका ओळीत नोंदवा: भीती, घालमेल, राग, जे असेल ते. ही ओळ नंतर उपयोगी पडेल, तोवर घडी घालून ठेवा.

आता आवाज पूर्ण बंद करून तोच प्रसंग पाहा. संवाद गेले की डोळे कामाला लागतात. दर कटला कागदावर एक काटकी ओढा. काटक्या कुठे दाट पडल्या आणि कुठे विरळ, तेवढं आधी बघा; श्वास कुठे वाढवला आणि कुठे रोखून धरला, ते तिथेच कळायला लागतं. मग प्रत्येक शॉटला चार प्रश्न विचारा. कॅमेरा किती लांब आहे? किती उंचीवर आहे? हलतोय की खिळून उभा आहे? आणि किती वेळ? चारांपैकी ‘किती वेळ’ या प्रश्नाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. मला तोच सर्वांत बोलका वाटतो.

स्क्रीनशॉट घ्यायचा मोह होईल. ओटीटीवर बहुतेक ठिकाणी तो काळा येतो, त्यामुळे छोट्या चौकटी आखून काड्यांची माणसं काढा. चित्रकला येत नसली तर उत्तम. चौकटीत माणूस नेमका कुठे उभा आहे, दार कोणत्या बाजूला आहे, मोकळी जागा किती आहे, हे हाताने काढल्याशिवाय लक्षात येत नाही. फाईल स्वतःजवळ असेल तर व्हीएलसीमध्ये ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरकता येतं.

कॅमेऱ्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न आहे आणि तो चारांहून मोठा आहे: काय दाखवलेलं नाही? ‘सैराट’च्या शेवटी मुलाच्या आई-बापांचा खून पडद्यावर होत नाही. पाहुणे येतात, चहा होतो, मूल शेजारणीबरोबर बाहेर असतं. आपण घरात परततो ते मुलाबरोबर. म्हणजे त्या घरात काय झालं, हे आपल्याला त्या मुलाइतकंच, त्याच्याबरोबरच कळतं. मारणाऱ्यांचे चेहरे, हत्यारं, झटापट दाखवली असती तर आपण साक्षीदार झालो असतो, कदाचित मनातल्या मनात प्रतिकारही केला असता. उशिरा पोहोचलेल्याला ती सोय नसते. कागदावर ‘न दाखवलेलं’ असा वेगळा रकाना ठेवा. चांगल्या दिग्दर्शकाच्या प्रसंगात तो रिकामा राहत नाही.

कॅमेऱ्याची उलटी रीत पाहायची असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. मृणाल देसाई यांचं छायाचित्रण आहे. इथे कॅमेरा बहुतेक वेळ लांब उभा असतो, हलत नाही, आणि कोणाकडे बघायचं ते सांगत नाही. लोकशाहीर नारायण कांबळेंवरचा खटला चालू असताना आपली नजर वकिलावरून कारकुनावर, कारकुनावरून मागच्या बाकावर भटकते. जवळचे शॉट आपल्याला कोणाची तरी बाजू घ्यायला लावतात. इथे ती मुभा नाही, आणि खटला लांबत जाण्याचा कंटाळा आपल्याही अंगात उतरतो. शेवटाकडे सुट्टी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते आणि दिवे एकेक करून बंद होतात. कॅमेरा जागचा हलत नाही. काळोख झाल्यावर चित्रपट संपला असं वाटतं, पण तो संपत नाही. न्यायाधीश महाशय सहलीला जातात. दिवे बंद होण्याच्या त्या शॉटला घड्याळ लावा. तो निम्म्या वेळात उरकला असता तर काय गेलं असतं, याचं उत्तर लिहून काढणं हा चांगला व्यायाम आहे.

रंगासाठी तिसरी बैठक. आधी डोळे बारीक करून, चित्र पुसट दिसेल इतपत, प्रसंग पाहा. तपशील विरघळतात आणि रंगांचे मोठे डाग उरतात. कोणता डाग मोठा, कोणता एकटा, कोणता अचानक आला? रंगाचं नाव लिहून थांबू नका. तो कोणाच्या अंगावर आहे, भिंतीवर आहे की उजेडातच मिसळला आहे, आणि याआधी कुठे दिसला होता, तेही लिहा. मराठी चित्रपट पाहताना आपल्या घरातला रंगांचा व्यवहारही जमेस धरा. हिरवा चुडा, हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, हे सगळं प्रेक्षक थिएटरात येतानाच बरोबर घेऊन येतो. दिग्दर्शक त्यावर काम करतो, कधी त्याला दुजोरा देऊन, कधी उलटवून.

मग लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये ग्रेस्केल चालू करून तोच प्रसंग कृष्णधवल बघा. काही बिघडलं नाही, तर तिथे रंगावर फारसा भार नव्हता असं समजा आणि उगाच अर्थ लादू नका. ‘सैराट’च्या शेवटी मात्र बिघडतं. मूल रडत बाहेर चालू लागतं आणि त्याच्या तळव्यांचे ठसे मागे उमटत जातात. राखाडी चित्रात ते ठसे पाण्याचे असतील, चिखलाचे असतील. अंगण ओलांडताना कुठल्याही मुलाचे असतात तसे. रंग परत आणला की ते रक्ताचे होतात. प्रसंगाचा सारा भार त्या एका रंगावर, आणि तोही जमिनीवर, वीतभरही उंच नाही अशा जागी.

इथे थोडं थांबू. आपल्याकडे दाराशी लाल पावलं उमटतात ती लक्ष्मीची, किंवा कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून घरात येणाऱ्या नव्या सुनेची. दोन्ही आत येणारी असतात. लक्ष्मीची पावलं कोणी बाहेर जाणारी काढली तर घरातली मोठी माणसं लगेच पुसायला लावतील. ‘सैराट’मधली पावलं बाहेर जातात, आणि ती ज्या घरातून निघतात त्या घरच्या सुनेला तिच्या घराण्याने कधी रीतसर पाठवलंच नव्हतं. पाहुणे येतात तेव्हा आर्ची दारात रांगोळी काढत असते, ही नोंद तुमच्या कागदावर आधीच आलेली असेल. मंजुळेंच्या मनात नेमकं हेच होतं, असा दावा मी करत नाही. त्याची गरजही नाही. रंग, जागा आणि दिशा या तिन्ही गोष्टी पडद्यावर आहेत, आणि मराठी घरात वाढलेल्या प्रेक्षकाला त्या टोचतात. तक्त्यातला ‘लाल म्हणजे धोका’ इथे काय सांगतो? धोका तर केव्हाच होऊन गेलेला असतो.

रंगाच्या बाबतीत एक सावधगिरी. जुन्या रंगीत चित्रपटांच्या प्रिंटा काळाबरोबर फिक्या पडतात, आणि त्यातला निळसर थर आधी उडतो, म्हणून सगळंच चित्र गुलाबी-तांबूस होतं. सत्तरच्या दशकातला एखादा चित्रपट इंटरनेटवर पाहून ‘दिग्दर्शकाने उष्ण रंगछटा योजली आहे’ असं लिहिण्याआधी आकाश आणि झाडं कोणत्या रंगाची दिसतात ते बघा. आकाशही जांभळट असेल, तर ती योजना कोणाचीच नाही.

चौथी बैठक डोळे मिटून. किंवा पडद्यावर पंचा टाका. डोळे मिटून लिहिता येत नाही. चित्र झाकून ऐकायचं आणि आवाज झाकून पाहायचं, ही पद्धत फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओं यांनी रुजवली. आवाजाचे चार थर वेगळे काढा: बोलणं, वस्तूंचे आणि हालचालींचे आवाज, परिसराचा सततचा आवाज, म्हणजे पंखा, रहदारी, पाखरं, आणि संगीत. चारांपैकी तिसरा थर बहुतेकांच्या नोंदीतून निसटतो, कारण तो असताना जाणवत नाही. तो गेला की मात्र कानाला दडा बसल्यासारखं होतं.

प्रत्येक आवाजाला विचारा: हा कथेतल्या माणसांना ऐकू येतोय का? या प्रश्नाची ताकद मंजुळेंच्याच ‘फँड्री’त (२०१३) दिसते. शाळकरी जब्या आणि त्याच्या घरची माणसं डुकराला घेरत आलेली असतात. तेवढ्यात जवळच्या शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, घरचेही जागच्या जागी उभे राहतात, आणि डुक्कर निघून जातं. हेच सूर पार्श्वसंगीत म्हणून वाजले असते तर काहीच झालं नसतं, कारण पार्श्वसंगीताचा हुकूम पात्रांवर चालत नाही. आवाज शाळेतून येतो म्हणून तो पाळावा लागतो. ज्या शाळेच्या पोरांसमोर डुक्कर पकडताना जब्या शरमेने लपू पाहतो, त्याच शाळेतून येतो. आता कॅमेऱ्याकडे वळा: चौकटीत सगळे स्तब्ध असले की डोळा आपोआप हलणाऱ्याकडे जातो, आणि इथे हलतं ते फक्त डुक्कर. एकही वाक्य न बोलता प्रसंग हसवतो, आणि हसू ओठांवर असतानाच आपण कोणाला हसलो ते कळतं. याच चित्रपटात पुढे डुक्कर काठीला बांधून नेतात तेव्हा मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर आणि सावित्रीबाईंची चित्रं दिसतात. तिथे कोणी बोट दाखवत नाही. चौकटीत जागा दिली, तेवढंच.

‘सैराट’कडे परत. हेडफोन लावून शेवट ऐका आणि आवाज कोणत्या क्षणी जातो ती वेळ सेकंदापर्यंत टिपा. मूल आई-बापांना पाहतं, रडतं. तोंड उघडलेलं दिसतं, रडणं ऐकू येत नाही. या शांततेचं मोल शेवटाच्या त्या मिनिटांत मोजता येणार नाही. त्यासाठी पूर्वार्ध हवा. अजय-अतुल यांनी त्यातल्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता. शेतं, विहीर, पाखरांचे थवे, त्यावर व्हायोलिनांच्या लाटा, संथ गतीतल्या धावा. प्रेमात पडलेल्या दोघांना जग जसं ऐकू येतं तसं ते आपल्याला ऐकवलं. उत्तरार्धात, पळून गेल्यावर, गाणी संपतात आणि वस्तीचे, भांड्यांचे, भांडणांचे आवाज उरतात. शेवटी तेही जातात. मोठा वाद्यमेळ, मग रोजचे आवाज, मग काही नाही, असा हा तीन पायऱ्यांचा उतार आहे. पहिली पायरी एवढी उंच नसती तर शेवटची एवढी खोल लागली नसती.

म्हणून कृतीतली पुढची पायरी: प्रसंगाशेजारी त्याच चित्रपटातला एक आधीचा प्रसंग ठेवा. जागा, माणसं किंवा कृती यांपैकी एक तरी गोष्ट सारखी असलेला. दोन्हींच्या नोंदी समोरासमोर लिहा. इथे काटक्या किती, तिथे किती? इथे उजेड कुठून, तिथे कुठून? तिथे संगीत होतं, इथे का नाही? बहुतेक वेळा अर्थ या दोन कागदांच्या मधल्या जागेत सापडतो.

त्यानंतर ‘काढून पाहा’. मनातल्या मनात एक गोष्ट बदला आणि प्रसंग पुन्हा चालवा. शेवटी रडण्याचा आवाज असता तर? एक उदास व्हायोलिन असतं तर? त्याचं उत्तर कल्पनेवर सोडायची गरज नाही, कारण सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’त (१९५५) जवळपास तेच केलं आहे. हरिहर परगावाहून येतो, तोवर वारलेल्या मुलीसाठी, दुर्गेसाठी, आणलेली साडी पुढे करतो आणि तिची आई सर्वजया कोसळते. तिचा आक्रोश दिसतो, पण तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाईचे चढे सूर येतात. संगीत पंडित रविशंकर यांचं. दोन्ही दिग्दर्शकांनी रडणाऱ्याचा आवाज काढून घेतला. राय यांनी त्या जागी वाद्य ठेवलं, आणि आईचं दुःख सोसवेल अशा रूपात आपल्यापर्यंत आलं. सुरांना धरून आपण रडू शकतो. मंजुळेंनी त्या जागी काहीच ठेवलं नाही, धरायलाही काही नाही. मग थिएटरात ऐकू येतो तो शेजारच्या माणसाचा श्वास. यातलं कोणतं श्रेष्ठ, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. एकच खोडरबर दोघांनी वापरला आणि दोन वेगळी चित्रं उरली, ते पाहण्यात खरी गंमत आहे.

आता लिहायला घ्या. एक परिच्छेद पुरे. आधी निरीक्षण, मग फरक, मग दावा, हा क्रम सोडू नका. ‘दिग्दर्शकाने लाल रंगातून हिंसेचं भेदक चित्रण केलं आहे’ हे वाक्य चित्रपट न पाहताही लिहिता येतं, म्हणून ते खोडा. ‘मुलाचं रडणं दिसतं पण ऐकू येत नाही, पूर्वार्धात ज्या प्रेमाला सिंफनी होती त्याच्या मुलाला आवाजही उरलेला नाही’ हे वाक्य कच्चं असेल, पण त्याच्याशी वाद घालता येतो, आणि पडद्याकडे बोट दाखवून घालता येतो. ‘भेदक’, ‘प्रभावी’, ‘अस्वस्थ करणारं’ ही विशेषणं आली की त्यांच्या जागी काय दिसलं किंवा ऐकू आलं ते लिहा. मग घडी घालून ठेवलेली पहिली ओळ उघडा. तिथे ‘राग’ लिहिलं असेल आणि परिच्छेद करुणेबद्दल बोलत असेल, तर परिच्छेदाने कुठेतरी सोयीचा रस्ता धरला आहे. पुन्हा पाहा.

सगळ्या नोंदींना अर्थ लाभणार नाही, लाभूही नये. एखादी भिंत निळी असते कारण भाड्याने घेतलेलं घरच निळं होतं. नोंद एकदाच आली आणि काढून पाहिल्यावर काही ढासळलं नाही, तर ती सोडून द्या.

दोघा-तिघांनी मिळून करत असाल तर कामं वाटून घ्या: एकाने फक्त कॅमेरा, एकाने रंग, एकाने आवाज, आणि नोंदी पूर्ण होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. वेळा जुळवून नोंदी शेजारी ठेवल्या की काही ठिकाणी तिन्ही कागदांवर एकाच सेकंदाला काहीतरी बदललेलं आढळेल. प्रसंगाचा सांधा तिथे असतो. आणि जिथे एका कागदावर बदल आहे पण दुसऱ्यावर नाही, तिथे आणखी वेळ घालवा. चित्र एक सांगतंय आणि आवाज दुसरं, अशा जागा तिथेच मिळतात.

नमुना संपला की सरावाला दोन चित्रपट सुचवतो. व्ही. शांताराम यांचा प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) पार्श्वसंगीताशिवाय केलेला आहे, त्यामुळे आवाजाचा रकाना भरताना पहिल्या तीन थरांकडेच बघावं लागतं. त्यातल्या काकासाहेबांच्या घरातलं जुनं घड्याळ आणि ग्रामोफोन दिसतील तेव्हा पेन्सिल तयार ठेवा. दुसरा ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ (२०२०). त्याचा नायक, गाणं शिकणारा शरद नेरुळकर, रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकलने जातो, गती संथ केलेली, आणि माई या गानगुरूंच्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण चालू असतं. माईंना आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. ही दृश्यं चित्रपटात पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक वेळची नोंद वेगळ्या कागदावर घ्या, आणि कागद तारखांप्रमाणे नव्हे, चित्रपटातल्या क्रमाने लावा. एकच व्याख्याता, एकच रस्ता. पहिल्या आणि शेवटच्या कागदात काय बदललं, तिथून सुरुवात करा.